प्लेअर नवा, चकती नवी, तरी चित्र तेच का?
ब्लू-रेविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

डीव्हीडीनंतर आलेली चित्रपटांची चकती ब्लू-रे आणि तिच्यामागून आलेली, आणखी बारीक चित्राची ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार सारखीच आहे : खर्च केला, पण सांगितलं होतं तसं दिसत नाही किंवा ऐकू येत नाही. म्हणून शक्य तिथे आकडे आणि घरी करून पाहण्यासारखे उपाय दिले आहेत.

प्रश्न : डीव्हीडी घरोघरी पोचली. तिच्याहून कितीतरी सरस चित्र देणारी ब्लू-रे मात्र हौशी मंडळींपुरतीच राहिली. असं का झालं?

डीव्हीडी १९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत आली, तेव्हा तिची गाठ टेपशी होती. टेप मागे-पुढे करत बसणं संपलं, हवा तो प्रसंग क्षणात काढता येऊ लागला, कितीही वेळा पाहिलं तरी चित्र झिजेना. मुख्य म्हणजे घरात होता तोच टीव्ही चालला. मागे तीन रंगांच्या पिना खोचल्या की काम झालं.

ब्लू-रेकडे नवं देण्यासारखं होतं ते चित्र आणि आवाज. चकतीचा आकार तोच, ट्रे तोच, मेन्यूही जवळपास तेच. डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ ऐवजी १९२० बाय १०८०, म्हणजे पाचपट पिक्सेल. पण ते पाचपट डोळ्यांपर्यंत पोचायचे तर टीव्ही फुल एचडी हवा, जोडणी एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी) हवी, आवाजासाठी रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारं यंत्र, नवा हवा, बसायचं अंतर बेताचं हवं आणि दोन-चार सेटिंग्ज नीट लावलेली हवीत. या साखळीतली एक कडी निसटली की बाकीचा सगळा खर्च दिसेनासा होतो, आणि कोणती कडी निसटली हे पडद्यावर कुठेच लिहून येत नाही. त्यातच डीव्हीडी प्लेअरही चित्र ताणून १०८० रेषांचं करून देऊ लागले. ताणल्याने नवा तपशील येत नाही, पण कडा बऱ्या दिसतात, आणि पुष्कळ घरांना तेवढं पुरलं.

या सगळ्यावर कडी म्हणून दोन वर्षं दोन प्रकार एकमेकांसमोर उभे होते. तोशिबाने ब्लू-रेची प्रतिस्पर्धी चकती, एचडी डीव्हीडी, मार्च २००६ मध्ये जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत आणली. सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर जूनमध्ये आला, तोही तोशिबाच्या दुप्पट किमतीला. शिवाय सुरुवातीच्या अनेक ब्लू-रे २५ गिगाबाइटच्या एकाच थरावर आणि चित्र दाबून बसवण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने भरलेल्या होत्या. त्यामुळे कागदावर क्षमता जास्त असूनही पहिल्या महिन्यांत एचडी डीव्हीडीचंच चित्र अनेकदा उजवं ठरलं. चित्रपट कंपन्यांचीही वाटणी झाली होती. सोनी, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे; युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे; वॉर्नर दोन्हीकडे. पॅरामाउंटही दोन्हीकडे होती, ती ऑगस्ट २००७ मध्ये एचडी डीव्हीडीकडे गेली. म्हणजे आवडीचे दोन चित्रपट दोन वेगळ्या प्लेअरवर! अखेर ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने फक्त ब्लू-रेच काढायचं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. तोवर शहाण्या ग्राहकाने थांबणंच पसंत केलं, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण तो थांबला होता तेवढ्यात, २००७ सालीच, नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती.

किंमत हा अडसर होताच, पण आमच्या मते दुय्यम. किमती काही वर्षांत उतरल्या. जोडणीचा गुंता मात्र कमी झाला नाही, उलट ४केच्या वेळी वाढला, आणि तो सोडवायचं काम दर वेळी घेणाऱ्याच्याच माथी मारलं गेलं.

प्रश्न : दोन्ही प्रकारांत निळाच लेझर होता. मग एका प्लेअरमध्ये दोन्ही का चालत नव्हते? माझ्याकडच्या एचडी डीव्हीडींचं आता काय करावं?

लेझर दोघांचाही ४०५ नॅनोमीटरचा, पण माहितीचा थर वेगवेगळ्या खोलीवर. ब्लू-रेत तो पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, एचडी डीव्हीडीत डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटरवर. त्यामुळे भिंगही वेगळं लागतं. एलजीने २००७ मध्ये दोन्ही वाचणारा प्लेअर काढला होता, पण तो अपवादच.

तुमच्या चकत्यांपैकी काहींच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असेल. ती दुसरी बाजू कुठल्याही डीव्हीडी प्लेअरवर चालेल. बाकीच्यांसाठी जुना एचडी डीव्हीडी प्लेअर किंवा संगणकाचा दोन्ही प्रकार वाचणारा ड्राइव्हच लागतो. चकत्या ठेवायच्या असतील तर एकदा शेवटपर्यंत चालवून पाहा. सुरुवात चालली म्हणून चकती चांगली, असं धरू नका. वाचन आतून बाहेर होतं आणि खराबी पुष्कळदा बाहेरच्या कडेपासून सुरू होते.

प्रश्न : टीव्ही ४० इंची फुल एचडी आहे, आम्ही साडेतीन मीटरवर बसतो. एकच चित्रपट डीव्हीडीवर आणि ब्लू-रेवर पाहिला, घरात कुणालाच फरक कळला नाही. प्लेअर खराब आहे का?

प्लेअर ठीक असावा. अडचण अंतराची आहे. निकोप डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग इतका बारकावा वेगळा ओळखता येतो. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो. टीव्हीचा कर्ण इंचात घ्या आणि चारने गुणा. जे उत्तर येईल तितक्या सेंटीमीटरपर्यंत १०८० रेषांचा पूर्ण तपशील दिसू शकतो. ४०चे झाले १६० सेंटीमीटर. डीव्हीडीच्या ५७६ रेषांसाठी साडेसातने गुणा : तीन मीटर. तुम्ही त्याच्याही पलीकडे, साडेतीन मीटरवर बसलात. तिथून डोळ्याला डीव्हीडीच्याच रेषा वेगळ्या करता येत नाहीत, तर ब्लू-रेच्या कुठून येणार? ४केत रेषा १०८०च्या दुप्पट, म्हणून दोननेच गुणायचं, म्हणजे ४० इंची ४के टीव्हीचा पूर्ण तपशील ८० सेंटीमीटरच्या आत.

ही सीमा एखाद्या रेघेसारखी नसते. अडीच मीटरवर आलात तरी डीव्हीडीपेक्षा ब्लू-रे स्पष्ट दिसू लागेल, पूर्ण लाभ मिळाला नाही तरी. खुर्च्या पुढे घेणं जमत नसेल तर पडदा मोठा हवा : ५५ इंचाला २२० सेंटीमीटर, ६५ला २६०.

अंतर बदलून पाहण्याआधी तीन गोष्टी तपासा. टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतो आहे का ते बघा; मेन्यूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' अशा नावाचा पर्याय असतो, तो लावा. शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन अगदी खाली आणा. पहिलं कडांभोवती पांढरी झालर काढतं, दुसरं खरा बारकावा पुसून टाकतं. आणि प्लेअरमध्ये '१०८०पी २४' आउटपुट चालू करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचे असतात. ६०च्या गतीत बसवताना एक चौकट तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तिथे चित्र अडखळतं.

प्रश्न : नवा ४के प्लेअर जुन्या रिसीव्हरमधून टीव्हीला जोडला. काही वेळा पडदा काळा पडतो, आणि चित्र आलं तर टीव्ही १०८०पी दाखवतो. टीव्ही तर ४के एचडीआर आहे.

हा दोष बहुधा रिसीव्हरचा. ४के चकतीचं चित्र एचडीसीपी २.२ नावाच्या सुरक्षा-पद्धतीतूनच पूर्ण रिझोल्यूशनने बाहेर पडतं, आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ती कळावी लागते. प्लेअर आणि टीव्ही दोघांकडे असून मधल्या रिसीव्हरकडे नसली, तर प्लेअर मुकाट्याने १०८०पीवर उतरतो किंवा चित्रच देत नाही. रिसीव्हर कितीही दणकट असला तरी यावर फर्मवेअरचा, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर बदलण्याचा, इलाज बहुतेक वेळा नसतो, कारण ही क्षमता एचडीएमआयच्या चिपमध्येच असावी लागते.

आधी रिसीव्हर बाजूला काढा आणि प्लेअर थेट टीव्हीला जोडा. सगळे पोर्ट सारखे नसतात; पहिल्या पिढीच्या ४के टीव्हींत एचडीसीपी २.२ अनेकदा एका-दोन पोर्टवरच असे. पोर्टजवळची अक्षरं वाचा. मग टीव्हीच्या मेन्यूत त्या पोर्टसाठी 'यूएचडी कलर', 'डीप कलर' किंवा 'एन्हान्स्ड' असा पर्याय शोधून चालू करा. पुष्कळ टीव्हींत तो कारखान्यातून बंदच येतो, आणि बंद असला की एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) येत नाही. एवढ्यावर चित्र नीट आलं तर दोषी कोण ते ठरलं.

आता आवाज रिसीव्हरला कसा पोचवायचा? प्लेअरला एचडीएमआयची दोन आउटपुट असतील तर मुख्य आउटपुट टीव्हीला आणि 'ऑडिओ ओन्ली' लिहिलेलं रिसीव्हरला जोडा. हा सर्वांत चांगला मार्ग, जुना रिसीव्हरही पूर्ण आवाज देईल. एकच आउटपुट असेल तर टीव्हीतून परत येणारा आवाज घ्यावा लागतो, आणि तिथे त्यासाठीची सोय साधी एआरसी असली तर आवाज दाबलेल्या रूपातच येतो. बारकावा न गमावलेल्या आवाजासाठी तिची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, दोन्हीकडे हवी.

काळा पडदा मधूनच येत असेल तर केबलही बदलून पाहा. सेकंदाला ६० चौकटींच्या ४के एचडीआरला सेकंदाला १८ गिगाबिट नेणारा मार्ग लागतो. जुनी दहा मीटरची केबल १०८०पीला बिनतक्रार चालते आणि इथे दर थोड्या वेळाने संकेत सोडते. 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणपत्राची तीन मीटरच्या आतली केबल पुरते. सोन्याच्या मुलाम्यासाठी जादा पैसे मोजू नका.

प्रश्न : चकतीवर डॉल्बी ट्रूएचडी लिहिलंय, पण रिसीव्हरवर नुसतं डॉल्बी डिजिटल दिसतं.

ट्रूएचडी म्हणजे बारकावा न गमावलेला आवाज, साधं डॉल्बी डिजिटल म्हणजे दाबलेला. ऑप्टिकल केबल वापरत असाल तर दुसरं काही दिसणारच नाही. त्या तारेची ऐपत तेवढी नाही. चकतीवरच्या सेकंदाला ६४० किलोबिटच्या सोबतच्या डॉल्बी प्रवाहावर किंवा डीटीएसच्या दीड मेगाबिटच्या गाभ्यावर ती थांबते. एचडीएमआय वापरूनही हेच होत असेल तर प्लेअरमध्ये आवाज 'बिटस्ट्रीम'वर ठेवा आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' बंद करा. मेन्यूची टिकटिक आणि दिग्दर्शकाचं भाष्य मूळ आवाजात मिसळायची ती सोय आहे. मिसळायचं म्हणजे प्लेअरला आवाज आधी उलगडावा लागतो, आणि मग मूळ प्रवाह रिसीव्हरकडे जातच नाही.

प्रश्न : ४के चकती नेमकी मध्यावर अडकते. चकती नवीकोरी आहे, ओरखडा एकही नाही.

ओरखडा नसला तरी बोटाचा ठसा पुरतो. डीव्हीडीत लेझरचा किरण चकतीच्या पृष्ठभागावर शिरतो तिथे साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो. थर खोल असल्याने धुळीचा कण त्या झोताचा थोडाच भाग अडवतो आणि वाचन चालू राहतं. ब्लू-रेत थर इतका वर आहे की तिथे किरणाची रुंदी ०.१३ मिलिमीटरच्या आसपास राहते. तोच कण आता वाटेचा मोठा हिस्सा अडवतो. म्हणून ब्लू-रेवर कडक लेप दिलेला असतो. तो ओरखड्यांना पुरा पडतो, पण तेलकट डागाला नाही. त्यातून ४के चकत्या बहुधा ६६ किंवा १०० गिगाबाइटच्या असतात, म्हणजे पहिलीत दोन आणि दुसरीत तीन दाट थर. वरच्या थरांतून आरपार जाऊन खालचा वाचायचा आणि भर चित्रपटात एका थरावरून दुसऱ्यावर उडी घ्यायची. मध्यावर अडकणं हे बहुधा त्या उडीच्या वेळचं असतं.

चकती कडेने धरा. दिव्याखाली तिरपी करून पाहा; कारखान्यातून आलेला धुरकट पापुद्राही कधी कधी दिसतो. ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओला केलेला मायक्रोफायबरचा कपडा मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. गोल पुसताना एखादा खडा अडकला तर ओरखडा माहितीच्या मार्गालाच समांतर जातो आणि सलग बराच भाग बुडतो. आडवा ओरखडा चूक-दुरुस्ती सहज पचवते. तेलकटपणा हटत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब पाण्यात मिसळा. पूर्ण वाळू द्या. टूथपेस्ट किंवा घासून गुळगुळीत करणारं यंत्र ब्लू-रेवर कधीही वापरू नका. घासायला मुळात ०.१ मिलिमीटरच जागा आहे.

इतकं करूनही त्याच जागी अडकली तर चकती दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा. तिथेही अडकली तर चकती सदोष, बदलून मागा. पहिल्याच प्लेअरवर वेगवेगळ्या तीन थरांच्या चकत्या अडकत असतील तर त्याचं भिंग किंवा लेझर थकलं आहे. दोन थरांच्या साध्या ब्लू-रे मग बिनधोक चालतात, आणि म्हणून हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

प्रश्न : जुन्या ब्लू-रे प्लेअरवर जुन्या चकत्या चालतात, नव्या चालत नाहीत.

ब्लू-रेच्या, नक्कल रोखणाऱ्या एएसीएस सुरक्षेत किल्ल्या वेळोवेळी बदलतात. नवी चकती नवी किल्ली मागते, आणि प्लेअरला ती फर्मवेअरमधून मिळते. डीव्हीडी वापरणाऱ्याला असलं काही ठाऊकच नव्हतं. विकत घेतलेली चकती विकत घेतलेल्या यंत्रावर चालावी, यासाठी ग्राहकाला संगणकाची कामं करायला लावणं ही या प्रकाराची मोठी चूक होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्लेअर इंटरनेटला जोडता येत असेल तर मेन्यूतून अद्यतन करा. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलची फाइल घ्या, पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा आणि फाइल कुठल्याही फोल्डरात न ठेवता थेट मुळाशी ठेवा. ट्रेमध्ये चकती नको. काम चालू असताना वीज गेली तर प्लेअर कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून तो यूपीएसवर लावलेला बरा. त्यानंतर 'बीडी-लाइव्ह' बंद करा आणि साठवलेली बीडी माहिती पुसा. जाहिराती आणायला चकती इंटरनेटवर जाणार नाही आणि लवकर सुरू होईल.

प्रश्न : परदेशातून आणलेली ब्लू-रे 'चुकीचा विभाग' म्हणते.

ब्लू-रेचे तीन विभाग आहेत. ए मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. बी मध्ये युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. सी मध्ये भारत, चीन, रशिया आणि आसपासचे देश. वेष्टनाच्या पाठीवर अक्षर छापलेलं असतं. तिन्ही अक्षरं असतील तर निर्धास्त घ्या. डीव्हीडीचा विभाग यापासून वेगळा, तो त्याच प्लेअरमध्ये स्वतंत्रपणे तपासला जातो. ४के चकत्यांवर मात्र विभागाची अट ठेवलेली नाही. पण त्याच खोक्यात सोबत दिलेल्या साध्या ब्लू-रेवर ती असू शकते.

प्रश्न : संगणकात ४के ब्लू-रे वाचणारा ड्राइव्ह बसवला, प्रोसेसर अगदी नवा आहे, तरी सॉफ्टवेअर चित्रपट लावत नाही.

प्रोसेसर नवा आहे हीच अडचण. संगणकावर ४के चकत्या अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षा-सुविधा लागत होती, आणि इंटेलने ती कोअर मालिकेच्या अकराव्या पिढीपासून काढून टाकली. साध्या ब्लू-रे परवानाधारक सॉफ्टवेअरवर चालतील. ४केसाठी वेगळा प्लेअर घ्या.

प्रश्न : सगळं इंटरनेटवर मिळत असताना आता प्लेअर घ्यावा का? घेतला तर काय पाहून घ्यावा?

इंटरनेटवरून येणारं ४के चित्र साधारण सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटने येतं, तर १०० गिगाबाइटच्या चकतीला १२८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे. अंधारातले प्रसंग, धुकं, पाऊस, फिल्मचा दाणेदारपणा अशा ठिकाणी हा फरक मोठ्या पडद्यावर उघड दिसतो. आवाजातला फरक तर त्याहून लवकर कळतो. शिवाय घेतलेली चकती कुणी सेवेतून काढून घेत नाही. मात्र आधीच्या उत्तरातला अंतराचा हिशेब घरात जुळत नसेल, तर आधी पडदा आणि बैठक, मग प्लेअर.

टीव्ही स्वस्तातला एचडीआर असेल तर ४के चकती काळवंडलेली दिसू शकते. एचडीआर चित्र हजार निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड गृहीत धरून बनवतात, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच उजेड देणाऱ्या पडद्याला ते दाबून बसवावं लागतं. प्लेअरमध्ये एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर करायची सोय आणि त्या उजेडाची पातळी बदलायची पट्टी असेल तर असा पडदाही निभावतो. त्यामुळे ती सोय आहे का, हे आधी विचारा. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार हवा असेल तर प्लेअर आणि टीव्ही दोघांवर ते लिहिलेलं पाहा. चकत्यांसाठी प्लेस्टेशन ५ वर ते नाही. प्लेस्टेशन ४ प्रो तर ४के चकती वाचतच नाही.

निवड आता अरुंद होत चालली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर काढणार नसल्याचं सांगितलं. त्यामुळे वापरलेला प्लेअर घ्यायची वेळ येईल. तेव्हा १०० गिगाबाइटची स्वतःची स्वच्छ चकती बरोबर न्या, सुरुवात न पाहता चित्रपटाच्या मध्याच्या पुढे-मागे वीस मिनिटं सलग चालवा, शेवटच्या प्रकरणावर उडी मारा, ट्रे चार-पाच वेळा उघडून बंद करा आणि फर्मवेअरची आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावरच्या शेवटच्या आवृत्तीशी ताडून पाहा.